एक किलोच्या आत एकच हत्यार: कुऱ्हाड, कोयता की मॅशेटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन-तीन दिवसांच्या पायी भटकंतीत तोडकामाला एकच हत्यार जवळ ठेवायचं आहे. वाटेत आडवी आलेली झुडपं छाटायची, तंबूच्या खुंट्या तासायच्या आणि संध्याकाळी चुलीपुरतं सरपण फोडायचं. वजन म्यानासकट एक किलोच्या आत हवं. धार लावायला घरात एक चपटी कानस आहे, दुसरं काही नाही. मग छोटी कुऱ्हाड घ्यावी, कोयता घ्यावा की लांब पातळ पात्याची मॅशेटी?

या विषयावर हिरिरीने भांडणारे बहुतेक जण वेगवेगळं लाकूड डोळ्यांपुढे ठेवून भांडत असतात. कुऱ्हाडवाल्याच्या मनात वाळलेला ओंडका असतो, मॅशेटीवाल्याच्या मनात छातीएवढं गवत आणि वेली. आपापल्या जागी दोघंही बरोबर. तुमची अडचण वेगळी आहे. तुमची तीन कामं हत्याराकडे तीन वेगळ्या गोष्टी मागतात, आणि त्यातल्या दोन तर एकमेकींच्या उलट आहेत.

झुडपाचं बघा. अंगठ्याएवढी ओली फांदी खाली घट्ट, वर मोकळी. तिच्यावर घाव बसला की ती मागे सरते. मागून तिला आधार कशाचाच नसतो. ती जागेवर राहते ती स्वतःच्या वजनामुळे, तीही क्षणभरच. तेवढ्यात पातं आरपार गेलं तर फांदी तुटली, नाहीतर ती लवते आणि साल सोलवटून पुन्हा उभी राहते. इथे वेग हवा आणि पातळ धार हवी. छोट्या कुऱ्हाडीची धार जेमतेम ७-८ सेंमी रुंद असते आणि धारेमागे लगेच जाडी सुरू होते. त्यामुळे निम्मे घाव फांदीच्या बाजूने जातात आणि उरलेले फांदीला नुसतं ढकलतात.

वाळलेल्या लाकडाचं उलटं. ते हलत नाही, पण आत शिरलेल्या पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतं. पातळ पातं दोन सेंमी आत जातं आणि तिथेच बसतं. ते ओढून काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कुऱ्हाडीचे चार घाव झालेले असतात. लाकूड बाजूला सारायला पात्याचे गाल फुगीर लागतात आणि घाव आत रेटायला मागे वजन लागतं. कुऱ्हाडीत दोन्ही आहे. खुंटी तासायला मात्र यातलं काहीच लागत नाही. तिथे मुठीला लागून थोडी सरळ धार असली आणि हात तिच्याजवळ धरता आला की झालं.

म्हणजे हत्यार निवडणं हे लोखंड कुठे ठेवायचं हे ठरवणं आहे. २८ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, साडेतीन मिमी जाड पात्यात सुमारे ३८५ ग्रॅम पोलाद बसतं. तेवढंच पोलाद ४५ सेंमी लांब, साडेपाच सेंमी रुंद, दोन मिमी जाड असं पसरलं की मॅशेटी होते. वजन तेच, पण लांब पात्याचं टोक कितीतरी जोरात फिरतं, आणि घावाची ताकद वजनाच्या पटीत वाढते तर वेगाच्या वर्गाने वाढते. गवतात ते टोक कमाल करतं. वाळक्या गाठाळ लाकडावर तेच पातं थरथरतं, हाताला झिणझिण्या येतात आणि घाव सटकतो. तेच पोलाद आखडून दांड्याच्या टोकाला गठ्ठ्याने बसवलं की कुऱ्हाड झाली.

माझा हिशेब साधा आहे: शंभर घावांपैकी नव्वद कशावर पडणार? हत्यार त्या नव्वदांसाठी घ्यायचं. उरलेल्या दहांसाठी हत्याराचं वजन वाढवत बसू नये, त्यांच्यासाठी घडीची करवत घ्यावी. तुम्ही विचारलंय एकच हत्यार, हे लक्षात आहे. तरी हे सांगतोच, कारण १८-२० सेंमी पात्याची घडीची करवत साधारण २०० ग्रॅमची असते आणि मनगटाएवढं वाळलेलं लाकूड आडवं कापायला कुठल्याही एक किलोच्या आतल्या हत्यारापेक्षा ती बरी. घाव चुकायचा प्रश्न नाही, ढलप्या उडत नाहीत, दमही लागत नाही. आडवं कापायचं काम करवतीकडे गेलं की हत्याराकडे उरतं छाटणं, फाडणं आणि तासणं. मग निवड सोपी होते.

तुमच्या कामाला मी आखूड, सरळसर कोयता सुचवीन: पातं २५ ते ३० सेंमी, पाठीला जाडी साडेतीन ते चार मिमी, मुठीसकट वजन ५०० ते ५५० ग्रॅम. करवतीचे २०० आणि म्यानाचे सव्वाशे-दीडशे धरले तरी किलोच्या आत बसतं. पाच मिमी जाडीचा कोयता हातात भारदस्त वाटतो आणि दुकानात मोह होतो. पण या मापाच्या पात्याची जाडी दीड मिमीने वाढली की वजन सुमारे १६५ ग्रॅमने वाढतं आणि ओल्या फांदीत पातं शिरायचं कमी होतं. तुमच्या यादीत ओली फांदी पहिली आहे.

टोकाला आत वळलेल्या आकडीबद्दल लोक हटकून विचारतात. वेल ओढायला, काटेरी फांदी हात न लावता बाजूला करायला आकडी उत्तम. पण ती जमिनीवर आणि दगडावर आधी आपटते, आणि आतल्या वळणाला चपटी कानस टेकतच नाही, तिथे अर्धगोल कानस लागते. घरात चपटी एकच असेल तर नाक किंचित झुकलेलं पातं घ्या, पूर्ण आकडी नको.

हे सगळं तुमच्या रानावर अवलंबून आहे, आणि रान तुम्ही सांगितलेलं नाही. बहुतेक गवत, वेली, कोवळे कोंब असतील तर ४० ते ४५ सेंमीची पातळ मॅशेटी घ्या. सरपण मग हाताने मोडेल तेवढंच गोळा करायचं. बांबूचं रान असेल तर कोयताच, पण धार लवकर जाईल हे धरून चाला. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती धार घासून काढते. थंडीत मुक्काम असेल, रात्रभर शेकोटी लागणार असेल आणि लाकूड मांडीएवढं असेल, तर कोयत्याचा हट्ट सोडा आणि ६०० ते ७०० ग्रॅम डोक्याची कुऱ्हाड घ्या. दांड्यासकट ती किलोच्या काठावर जाईल, म्यान धरलं तर थोडी वरही.

कुऱ्हाड घेणार असाल तर आखूड दांड्याचा धोका समजून घ्या. ८०-९० सेंमी दांड्याच्या मोठ्या कुऱ्हाडीचा घाव चुकला तर ती बहुधा पायापुढे जमिनीत रुतते. ३५ सेंमी दांड्याची कुऱ्हाड उभ्याने चालवली आणि चुकली, तर तिचा फेरा जमिनीपर्यंत पोचतच नाही, तो गुडघ्यावर किंवा नडगीवर संपतो. लहान म्हणून ती निरुपद्रवी वाटते, आणि अपघात होतात ते त्यामुळेच. तिच्याबरोबर गुडघे टेकून बसायचं, लाकूड ठोकळ्यावर पलीकडच्या कडेला ठेवायचं. मग चुकलेला घाव ठोकळ्यात किंवा मातीत जातो.

आता हातात घेऊन काय पाहायचं. आधी मूठ. पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं असावं आणि निदान दोन, बरं म्हणजे तीन रिव्हेटांनी धरलेलं असावं. मुठीच्या कडेने पोलादाची रेघ दिसत असेल तर खात्री पटते. पाती मोडतात ती बहुतेक वेळा मुठीच्या तोंडाशी, जिथे रुंद पातं एकदम अरुंद होतं. तो कोपरा काटकोनी कापलेला असेल तर तडा तिथून सुरू होतो, म्हणून तिथे गोलाई हवी. वेल्डिंगने जोडलेलं शेपूट (पात्याचा मुठीत जाणारा भाग) आणि आत आगकाड्या ठेवायची पोकळ मूठ, ही दोन्ही तोडकामाला बाद. मूठ पकडल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकू-टेकू व्हावीत. फार बारीक मूठ हातात फिरते, फार जाड मूठ पंजा दमवते. मागच्या टोकाला खाली वळलेला उंचवटा असावा, म्हणजे घामेजलेल्या हातातून हत्यार निसटून पुढे जात नाही.

मग पातं डोळ्याच्या रेषेत धरून पाठीवरून आणि धारेवरून पाहा, बाक किंवा पीळ लगेच कळतो. मॅशेटी असेल तर टोक लाकडावर टेकवून तीन-चार सेंमी वाकवा. सोडल्यावर ती परत सरळ यायला हवी. वाकून राहिली तर पाणी (पोलाद तापवून, थंड करून कडक करणं) नीट दिलेलं नाही.

पाणी कितपत आहे ते कानशीने कळतं. धारेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कधी घाव पडत नाही, तिथे हलका एक हात मारा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार जास्त कडक आहे, आणि गाठीवर किंवा खड्यावर तिला खांडं पडतील. खिळ्यात घुसावी तशी सहज घुसली तर पातं नरम आहे, आणि धार दोन दिवसांत वळून जाईल. कानस चावते, पण हाताला थोडा विरोध जाणवतो, हे बरोबर. तोडायच्या पात्यांचा कडकपणा रॉकवेल मापाने साधारण ४५ ते ५५ ठेवतात, स्वयंपाकाच्या चांगल्या सुरीपेक्षा मुद्दाम कमी. लोकांना हे उलटं वाटतं. पण वळलेली धार कानशीने दहा मिनिटांत सरळ होते, तुटलेल्या धारेसाठी पातं मिलिमीटरभर झिजवावं लागतं. साधं कार्बन पोलाद गंजतं, तरी मी तेच घेईन, कारण ते दणका सोसतं आणि कानशीला दाद देतं.

कुऱ्हाडीत पाहायचं ते वेगळं. दांड्याच्या बुडाकडून लाकडाच्या रेषा पाहा. त्या पात्याच्या दिशेने उभ्या धावाव्यात, आडव्या नकोत. आणि मधूनच तिरक्या होऊन दांड्याच्या बाजूने बाहेर निघणाऱ्या रेषा तर नकोतच, कारण दांडा तिथेच चिरतो. डोक्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, पाचर घट्ट आहे का, फट दिसते का ते बघा. डोकं सैल झालं की पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट बसतं खरं, पण नेढ्यात जागा नसल्यामुळे फुगताना त्याचे तंतू चेपतात, आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त सैल होतं. पाचर काढून कोरड्या, कठीण लाकडाची नवी ठोकणं हाच खरा इलाज.

इथवरचं एका दमात: झुडपं जास्त असतील तर आखूड कोयता आणि घडीची करवत, गवत जास्त तर मॅशेटी, जाड वाळकं लाकूड असेल तर कुऱ्हाड, तीही बसून.

धारेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नव्या हत्याराला कामाची धार क्वचितच असते. लोक तेच बोथट पातं आठवडाभर आपटतात आणि हत्याराला नावं ठेवतात. ओल्या लाकडासाठी दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांची धार ठेवा, वाळक्या कठीण लाकडासाठी ३५ ते ४०. तुम्ही एका बाजूला १५ अंश धरून सुरुवात करा. तो कोन डोळ्याला बसवायला एक माप: ५ सेंमी रुंद पातं आडवं ठेवून त्याची पाठ १३ मिमी उचलली की होतात १५ अंश, १७ मिमी उचलली की २०. पुठ्ठ्याचा तेवढा त्रिकोण कापून जवळ ठेवला तर अंदाज करावा लागत नाही.

कानशीला मूठ बसवलेली असू द्या, नाहीतर तिचं शेपूट तळव्यात घुसतं. हातमोजा घाला. पातं बाकाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट करा, क्लॅम्प नसेल तर पाठ ओंडक्याला टेकवून गुडघ्याखाली दाबा. धारेवर मार्करची रेघ ओढा. कानस कुठे लागते आणि कुठे नाही, हे शाई पुसली जाते त्यावरून दिसतं. कानस कापते ती पुढे ढकलताना. मागे येताना ती उचलायची, घासत आणली तर दाते मरतात. दहा-दहा सेंमीच्या पट्ट्यात आठ-दहा हात मारत मुठीपासून टोकापर्यंत जा. पुरेसं झालं हे कसं कळतं? दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवला की कडेला बारीक खरखर लागते, तिकडे वळलेल्या लोखंडाची ती किनार. ही किनार सलग लागेपर्यंत बाजू बदलू नका. मध्ये दोन सेंमी ती लागत नसेल, तर तिथे दोन्ही उतार अजून भेटलेले नाहीत आणि तो तुकडा बोथटच राहणार. मग पातं उलटून तेच करा, आणि शेवटी आलटून पालटून अगदी हलके चार-पाच हात. उरलेली किनार बारीक निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) दोन्हीकडून फिरवली की जाते. निसणा नसेल तर धार मऊ लाकडात दोन-तीनदा ओढली तरी बरीचशी निघते. कानशीच्या दातांत आधी खडू घासून ठेवला तर लोखंडाचा चुरा अडकत नाही.

विजेच्या ग्राइंडरचा मोह टाळा. पातळ धार दोन सेकंदांत तापते. कडेला निळी झाक दिसली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि दिलेलं पाणी तिथे उतरलं. तेवढा भाग कायमचा नरम झाला, झिजवून मागे जाण्याशिवाय उपाय नाही.

चालवताना घाव काटकोनात घालू नका. लाकडाचे तंतू उभे असतात, त्यांना ४५ अंशांत तिरकं कापायला कमी जोर लागतो. अंगठ्याएवढी फांदी तिरक्या एका घावात जाते, तीच आडव्या तीन घावांत लटकत राहते. पण तिरका घाव मागे भाल्यासारखा खुंट ठेवतो, म्हणून जमिनीलगत छाटा आणि वाटेत राहिलेला खुंट सपाट करा. फांदी डाव्या हाताने वाकवून ताणलेल्या बाहेरच्या बाजूवर घाव घातला तर अगदी हलक्या हाताने तुटते. मात्र ती तुटताच उसळते, म्हणून धरणारा हात घावाच्या बराच वर आणि चेहरा बाजूला. उजव्या हाताने चालवत असाल तर घावाचा शेवट उजवीकडे, अंगाबाहेर व्हायला हवा, डाव्या गुडघ्याकडे कधीही नको. मूठ सगळा वेळ आवळून धरू नका. करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकी बोटं सैल, आणि लागण्याच्या क्षणी सगळी आवळायची. बरोबर माणसं असतील तर फेऱ्याच्या टप्प्यापेक्षा दुप्पट तरी लांब उभी राहू देत. हत्यार हातातून हातात देऊ नका, खाली ठेवा, दुसरा उचलेल.

सरपण फाडायला कोयत्याचा घाव घालायचीही गरज नाही. करवतीने ३० सेंमीचा तुकडा कापा, ५ ते ७ सेंमी जाडीचा, गाठ नसलेला. तो ठोकळ्यावर उभा करा, पातं तुकड्याच्या माथ्यावर टेकवा आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोका. पातं आत गेलं की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकत राहा. टोक निदान पाच सेंमी बाहेर राहील एवढीच जाडी घ्या. ठोकायला लाकूडच वापरा. दगडाने किंवा हातोडीने पाठ चेपते आणि लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. पातं अडकलं तर पिळू नका, लाकूड आडवं करून पातं धारेकडून पाठीच्या दिशेने ठोकून सोडवा. गाठ दिसली तर तो तुकडा अख्खाच जाळा. कुऱ्हाड असेल तर बारीक लाकडासाठी धार लाकडाला टेकवून दोन्ही एकत्र उचला आणि एकत्रच ठोकळ्यावर आपटा. नेम धरावाच लागत नाही.

गोठवणाऱ्या थंडीत पोलाद ठिसूळ होतं आणि गोठलेलं लाकूड जास्त कठीण. पहिल्या घावाआधी पातं अंगाजवळ किंवा हातात धरून थोडं ऊबदार करा, आगीत नको.

घरी आल्यावर चीक आणि माती धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करून पातळ खनिज तेलाचा हात फिरवा. स्वयंपाकाचं तेल वाळून चिकट होतं. चामड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून हत्यार त्यात महिनोन्‌महिने ठेवू नका, म्यान फक्त वाहून नेण्यापुरतं. लाकडी मूठ कोरडी पडली तर कच्चं जवसाचं तेल चोळा, आणि तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून पसरून वाळवायची.

निघण्यापूर्वी एवढं विचारून घ्या: जिथे जाताय तिथे एवढ्या लांबीचं पातं बाळगायला परवानगी आहे का, आणि त्या रानात लाकूड तोडू देतात का. बऱ्याच राखीव जागांत पडलेलं वाळकं लाकूडही उचलू देत नाहीत. मग चुलीऐवजी शेगडी न्यावी लागेल, आणि कोयत्याला झुडपांपुरतंच काम उरलं तर त्याहून हलकं पातंही पुरेल.